सिलिंगच्या दिव्यावर ‘मॅक्स ६० वॅट’ लिहिलेलं असतं, ते नेमकं कशासाठी?

मागच्या मे महिन्यात मामाच्या घरी मूलला गेलो होतो. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना लागतं ते मूल. मागच्या खोलीत पाय ठेवला आणि प्लास्टिक तापल्याचा वास आला. वर पाहिलं तर पीव्हीसी पॅनलचं पांढरं सिलिंग एका दिव्याभोवती तपकिरी झालं होतं आणि मधला भाग पापडासारखा खाली वाकला होता. बरोबर त्याच्याखाली आजीचा पलंग. आजी तिथेच दुपारची झोपते.

मामानं दोन दिवस आधी वायरमन बोलावला होता. त्यानं होल्डर कडक झालाय म्हणून बदलून दिला, बल्ब मात्र तोच ठेवला. मामाचं म्हणणं सरळ होतं, ‘‘एमसीबी तर पडलीच नाही, मग शॉर्ट कायचा?’’

शॉर्ट नव्हताच. मेन स्विच बंद केला, बल्ब थंड होऊ दिला, काढला आणि मोबाइलची टॉर्च लावून फिटिंगच्या आतला फोटो घेतला. झूम केल्यावर धुळीच्या थराखाली एक स्टिकर दिसला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, मॅक्स ६० वॅट. आणि माझ्या हातात होता १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब.

तो कुणी लावला? मामेभावानं. का लावला? तर त्याचं उत्तर ऐकून मीच गप्प झालो. ‘‘दादा, तुझा वायफायवाला बल्ब गेला ना. आजीले दिसून नव्हतं रायलं, म्हणून मोठा लावला.’’ दिवाळीत मी पुण्याहून मोठ्या कौतुकानं १२ वॅटचा स्मार्ट बल्ब आणून तिथे लावला होता. तो एप्रिलमध्येच लुकलुकायला लागला आणि मेमध्ये बंद पडला. म्हणजे गोष्टीची सुरुवात माझ्यापासून होती.

माझा बल्ब का मेला आणि त्याच्या जागी आलेल्या बल्बनं सिलिंग का वितळवलं, या दोन्हींचं उत्तर त्या एका स्टिकरमध्ये आहे. आता तालुक्याच्या गावांतही घरोघरी फॉल्स सिलिंग आणि कन्सील्ड लाइट आलेत. त्यामुळे हे समजून घेणं तुमच्याही कामाचं आहे.

वॅटचा आकडा ‘देण्याचा’ आणि ‘सोसण्याचा’

आपल्याला वॅट हा शब्द मोबाइलच्या चार्जरमुळे ओळखीचा झालाय. १८ वॅट, ३३ वॅट, ६७ वॅट. तिथे आपण शिकलोय की मोठ्या वॅटचा चार्जर छोट्या फोनला लावला तरी बिघडत नाही. फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी ‘बोलतात’, किती पॉवर हवी ते ठरवतात, मगच वीज वाहते. फोन तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो. उन्हाळ्यात चंद्रपुरात कुणाच्याही फोनवर ‘तापमान जास्त, चार्जिंग थांबवलं’ हा मेसेज येऊन गेलेला असतो.

सिलिंगच्या फिटिंगमध्ये असं बोलणं-बिलणं काही नसतं. होल्डर म्हणजे दोन पिना आणि एक स्प्रिंग. त्यात ६० चा बसतो तसाच १०० चाही बसतो, २०० चाही बसतो. होल्डर नाही म्हणत नाही, आणि बल्ब आपल्याला हवी तेवढी वीज ओढून घेतो. चार्जरवरचा आकडा सांगतो ‘मी इतकं देऊ शकतो’. फिटिंगवरचा आकडा सांगतो ‘मी इतकंच सोसू शकतो’. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

सोसायचं काय? वीज नव्हे, उष्णता. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं, जास्त वॅट लावले की वायरवर लोड येईल. पण गणित करून बघा. १०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण ०.४३ अँपिअर. घरातली लाइटची वायर आणि ६ अँपिअरची एमसीबी यांच्या दृष्टीनं हे काहीच नाही. म्हणून एमसीबी पडली नाही आणि पडणारही नव्हती. तिचं काम जास्तीचा करंट ओळखणं. सिलिंगच्या आत एखादी जागा १२० अंशांवर भाजून निघतेय, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. अर्थिंगची गळती पकडणारी आरसीसीबीही इथे तशीच गप्प बसते, कारण गळतीच नसते. सगळं नियमात चालू असतं आणि तरी सिलिंग जळत असतं.

बल्ब की छोटी शेगडी?

जुना तारेचा बल्ब म्हणजे खरं तर शेगडी आहे, जी जाता जाता थोडा उजेड देते. त्यात जाणाऱ्या विजेतला फार तर दहावा हिस्सा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. १०० वॅटच्या बल्बची काच दीडशे अंशांच्याही पुढे तापू शकते. हॅलोजनचं तर विचारूच नका. त्याची आतली छोटी काच किमान २५० अंशांच्या आसपास तापली तरच त्याचं हॅलोजनचं चक्र नीट चालतं. जुन्या शोरूममध्ये आणि सराफाच्या दुकानांत जे छोटे ५० वॅटचे स्पॉटलाइट असायचे ते हेच.

हा बल्ब छताला लोंबकळत असेल तर त्याच्याभोवती हवा खेळते. गरम हवा वर जाते, थंड हवा तिची जागा घेते. कन्सील्ड फिटिंगमध्ये मात्र आपण हीच शेगडी एका पत्र्याच्या डब्यात उलटी टांगतो आणि डबा सिलिंगच्या आत खोचतो. गरम हवा वर जाते, पण वर तर डब्याचं बूड. ती तिथेच साचते, आणि नेमकं तिथेच होल्डर, कनेक्टर आणि वायर असते.

यातला सगळ्यात नाजूक गडी म्हणजे वायर. घरात वापरतात त्या साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश असते. त्याच्या वर ती लगेच पेट घेते असं नाही. ती हळूहळू कडक होते, मग तडकते, मग एखाद्या दिवशी आतलं तांबं उघडं पडतं. तेव्हा कुठे खरा शॉर्ट होतो. आपण पेपरात ‘शॉर्ट सर्किटमुळे आग’ असं वाचतो. पण त्या शॉर्टच्या आधी अनेकदा काही महिने किंवा वर्षं नुसतं तापणं चाललेलं असतं.

आणि कधी कधी शॉर्टचीही गरज नसते. २० नोव्हेंबर १९९२ ला इंग्लंडच्या राणीच्या विंडसर किल्ल्याला आग लागली. ती सुमारे पंधरा तास धुमसत राहिली आणि शंभराहून जास्त खोल्यांचं नुकसान झालं. सुरुवात कशी झाली? प्रार्थनाघरातला एक स्पॉटलाइट पडद्याला टेकलेला होता. दिवा चांगला होता, वायर चांगली होती. फक्त गरम वस्तू आणि जळणारी वस्तू यांच्यामध्ये जागा उरली नव्हती.

स्टिकरवरची न दिसणारी अट: २५ अंश

आता खास आपल्या भागाची गोष्ट.

फिटिंग बनवणारी कंपनी ‘६० वॅट’ हा आकडा अंदाजानं छापत नाही. फिटिंग एका ठरावीक तापमानाच्या जागेत ठेवतात, बल्ब तासन्‌तास चालू ठेवतात, आणि होल्डर, वायर, आजूबाजूची जागा किती तापते ते मोजतात. ते ठरावीक तापमान स्टिकरवर कधी कधी इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘टी’ आणि ‘ए’ असं लिहून दिलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल तर दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते २५ अंश धरायचं.

२५ अंश! चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पहाटेसुद्धा एवढा गारवा मिळाला तर नशीब. दुपारी ४५-४६ अंश ही रोजची बाब, आणि पारा ४७-४८ ला टेकल्याच्या बातम्याही आपण वाचतो. हे झालं सावलीतलं. मामाची मागची खोली टिनाची. तापलेला टिन आणि पीव्हीसी सिलिंग यांच्यामधल्या फूटभर पोकळीत दुपारी काय होत असेल? घरातलं स्वयंपाकाचं थर्मामीटर मी फिटिंगच्या भोकातून वर ठेवलं, दिवा बंद असताना. दुपारी तीन वाजता ५० च्या वर आकडा होता.

आता सोपं गणित करू. हे प्रयोगशाळेतलं नाही, वहीच्या मागच्या पानावरचं आहे, पण चित्र स्पष्ट होतं.

समजा, कंपनीनं ६० वॅट हा आकडा वायर ७० अंशांपर्यंत जाईल असा धरून दिला. बाहेर २५ अंश असताना तापायला ४५ अंशांची मोकळीक आहे. म्हणजे ६० वॅटमुळे तापमान ४५ अंशांनी वाढतं, दर वॅटला पाऊण अंश.

बाहेर २५ अंश, बल्ब ६० वॅटचा: २५ अधिक ४५, म्हणजे ७०. काठावर पास.

बाहेर ५० अंश, बल्ब ६० वॅटचा: ५० अधिक ४५, म्हणजे ९५. नापास.

बाहेर ५० अंश, बल्ब १०० वॅटचा: ५० अधिक ७५, म्हणजे १२५.

बाहेर ५० अंश, एलईडी ९ वॅटचा: ५० अधिक ७, म्हणजे ५७. पास.

पीव्हीसी पॅनल ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मामाच्या सिलिंगचा पापड का झाला ते आता लक्षात आलं असेल. या हिशोबाची दुसरी बाजूही बघा. पोकळीत आधीच ५० अंश असतील तर मोकळीक उरते फक्त २० अंशांची. २० भागिले पाऊण म्हणजे साधारण २७ वॅट. स्टिकरवर ६० लिहिलेलं असलं तरी मे महिन्यातल्या टिनाच्या खोलीत तो आकडा २७ च्या आसपास येऊन बसतो. म्हणजे स्टिकर पाळून तुम्ही ४० चा तारेचा बल्ब लावला तरी उन्हाळ्यात तो जास्तच होतो. खरी फिटिंग इतक्या सरळ रेषेत वागत नाही आणि कंपनी थोडं राखूनही ठेवते, पण दिशा हीच असते.

यात व्होल्टेजची भर पडते. नियमानं २३० व्होल्टमध्ये ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. प्रत्यक्षात जंगलातल्या लांब लाइनच्या टोकाला संध्याकाळी दिवे मंद होतात, आणि डीपीच्या जवळच्या घरात रात्री उशिरा लोड उतरला की व्होल्टेज चढतं. २५० व्होल्ट आले तर १०० वॅटचा तारेचा बल्ब ११० च्या पुढे वीज ओढतो. म्हणजे सगळे झोपलेले असतानाच तो सगळ्यात जास्त तापतो.

वर काय काय ठेवलंय?

थंड देशांत या दिव्यांची मोठी भानगड म्हणजे छतातलं इन्सुलेशन. घर उबदार राहावं म्हणून तिथे छताच्या पोकळीत कापसासारखा थर भरतात. तो दिव्याच्या डब्यावर आला की उष्णता अडकते. म्हणून तिकडे इन्सुलेशन टेकलं तरी चालेल अशा आणि चालणार नाही अशा दोन वेगळ्या जाती विकतात.

आपल्याला वाटेल, आपल्याकडे हे कुठे असतं? असतं ना. टिनाची गरमी खाली येऊ नये म्हणून सिलिंगच्या वर थर्माकोलच्या शीट टाकतात. काही जण जुनी पोती अंथरतात. उंदीर तणस आणि कागद ओढून नेऊन घर करतात. धानाच्या दिवसांत उजेडावर येणारे किडे फिटिंगमध्ये पडून वाळतात आणि वर्षानुवर्षं तिथेच साचतात. मामाच्या फिटिंगमधून मी अर्धी मूठ वाळके किडे काढले. थर्माकोल शंभर अंशांच्या आधीच आक्रसतो आणि पेटला की थांबत नाही. सागवानी किंवा बांबूचं सिलिंग असेल तर विचारच करायला नको. आपल्याकडे लाकडाची हौस आहे, असायलाच हवी. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते आपल्या बल्लारपूरहूनच. पण लाकडाच्या सिलिंगमध्ये तारेचा बल्ब किंवा हॅलोजन खोचू नका.

फिटिंगच्या बाजूनं आणि वरून थोडी जागा मोकळी हवी. किती, ते फिटिंगच्या खोक्यावर चित्रात दिलेलं असतं. खोकं फेकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, हा माझा आवडता सल्ला.

मग एलईडी लावला की संपलं?

बऱ्यापैकी. पण पूर्ण नाही. माझ्या स्मार्ट बल्बची गोष्ट इथे येते.

आधी ‘इक्विव्हॅलंट’चा घोळ सोडवू. एलईडीच्या खोक्यावर ‘१२ वॅट, १०० वॅटच्या बरोबरीचा’ असं काहीसं लिहितात. फिटिंगवर मॅक्स ६० वॅट आहे, मग हा चालेल का? चालेल. स्टिकरला खऱ्या वॅटशी मतलब आहे, म्हणजे १२ शी. १०० हा आकडा फक्त उजेडाची तुलना आहे. उजेड बघायचा तर ल्युमेन बघा. ६० वॅटचा जुना बल्ब साधारण ७०० ल्युमेन देतो, १०० वॅटचा साधारण १,३००. आजचा ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० च्या आसपास देतो आणि १२ वॅटचा १,२०० च्या आसपास. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ९ वॅटचे बल्ब घरोघरी आले ते याच हिशोबानं. ९ वॅटमध्ये जुन्या ६० वॅटपेक्षा जास्तच उजेड मिळतो.

पण एलईडीची एक खोड आहे. तारेचा बल्ब बरीच उष्णता उजेडाबरोबर समोर फेकतो. एलईडी ती मागे, म्हणजे बुडाकडे ढकलतो. तिथेच त्याचा ड्रायव्हर असतो, २३० व्होल्टचं एलईडीला झेपेल अशा विजेत रूपांतर करणारं छोटं सर्किट. त्या सर्किटमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा उष्णतेचा सगळ्यात मोठा शत्रू, म्हणजे उष्णता त्याची शत्रू. इंजिनिअरिंगमध्ये शिकवलेला ढोबळ नियम असा: दर १० अंश वाढीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. खोक्यावर २५,००० तास लिहिलंय, रोज पाच तास वापर, म्हणजे साडेतेरा वर्षं. २० अंश जास्त तापला तर उरतात ६,२५० तास, म्हणजे जेमतेम साडेतीन वर्षं. ३० अंश जास्त तापला तर पावणेदोन.

स्मार्ट बल्बमध्ये वर एक वाय-फायची चिप असते. ती ‘बंद’ असतानाही जागी असते. शिवाय पत्र्याच्या डब्यात सिग्नलही अडतो, त्यामुळे ॲपवर बल्ब सारखा ऑफलाइन दिसतो. माझ्या बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बंदिस्त फिटिंगमध्ये वापरू नये. मी ते वाचलं नव्हतं. कोड लिहिताना लोकांना ‘आधी डॉक्युमेंटेशन वाच’ म्हणून सांगणारा मी, खोकं न वाचता बल्ब लावून पुण्याला परतलो होतो.

म्हणजे हिशोब असा. तारेचा बल्ब स्वतः तापून आजूबाजूचं जाळतो. एलईडी आजूबाजूच्या गरमीनं स्वतः मरतो. दुसरं कधीही बरं, पण घरात अंधार झाला की माणूस हाती येईल तो बल्ब लावतो, हे मी मामाच्या घरी पाहिलं.

पॅनल लाइटवर लिहिलेले वॅट वेगळे

नव्या घरांत होल्डरवाली फिटिंग कमी आणि चपटे गोल-चौकोनी पॅनल लाइट जास्त दिसतात. त्यात बल्ब बदलायचा नसतो, त्यामुळे ‘मॅक्स’चा प्रश्नही नसतो. १२ वॅट लिहिलं म्हणजे तो १२ वॅट खातो. तिथे चूक होते ती ड्रायव्हर बदलताना. पॅनल बंद पडला की बहुतेक वेळा ड्रायव्हर गेलेला असतो, आणि दुकानात ‘१८ चा घेऊन जा, मजबूत येतो’ असं सांगणारे भेटतात. घेऊ नका. हा ड्रायव्हर मोबाइलच्या चार्जरसारखा विचारून वीज देत नाही. त्याच्यावर लिहिलेले मिलिअँपिअर तो पॅनलमध्ये ढकलतोच. जुन्या ड्रायव्हरवरचे मिलिअँपिअर आणि व्होल्टची रेंज यांचा फोटो काढा आणि तसाच घ्या. ड्रायव्हर सिलिंगवर ठेवताना थर्माकोलखाली किंवा पॅनलच्या पाठीवर नको, बाजूला मोकळ्या जागेत ठेवायला सांगा.

आज घरी करता येईल अशी तपासणी

पंधरा मिनिटांचं काम आहे. पण आधी एमसीबी खाली करा, फक्त बटण बंद करून चालत नाही. दिवा चालू असेल तर वीसेक मिनिटं थंड होऊ द्या. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी असेल तर वायरमनलाच बोलवा.

१. बल्ब काढा, टॉर्च लावून फिटिंगच्या आत फोटो घ्या. स्टिकर धुरकट असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून पुन्हा घ्या. स्टिकरच नसेल तर तारेचा बल्ब लावूच नका, छोटा एलईडी लावा.

२. रंग बघा. होल्डरवर, डब्याच्या कडेला किंवा सिलिंगवर पिवळा-तपकिरी गोल दिसला तर ती जागा तापतेय. वास आला तर आज रात्री तो दिवा वापरू नका.

३. वायर बघा. हलकं वाकवल्यावर ती तडकत असेल, किंवा पापुद्रे निघत असतील, तर नुसता होल्डर बदलून भागणार नाही. तेवढा वायरचा तुकडाही बदलायला सांगा.

४. भोकातून फोन वर धरून व्हिडिओ काढा. थर्माकोल, पोती, तणस, उंदराचं घर, काय आहे ते दिसेल. मामाच्या घरी थर्माकोलची शीट थेट डब्यावर टेकलेली निघाली.

५. एलईडी असेल तर एमसीबी लावून दिवा सुरू करा आणि फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. पट्टे किंवा लुकलुक जोरात दिसली तर ड्रायव्हर साधा आहे किंवा म्हातारा झालाय.

६. नवीन एलईडी घेताना खोक्यावर बीआयएसचा इंग्रजी ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, आणि बंदिस्त फिटिंगबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

सिलिंगमध्ये किती दिवे लावता येतात? आयटीआयमध्ये शिकवतात तो जुना नियम म्हणजे लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट. ९ वॅटचे दहा दिवे म्हणजे ९० वॅट, त्यामुळे लोडचा प्रश्न एलईडीनं जवळपास संपवलाय. पॉइंट मोजून सर्किट वेगळी करणं मात्र चांगलं, एक बिघडलं तर सगळं घर अंधारात जात नाही.

बिलात फरक पडतो का? १०० वॅटचा बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला १५ युनिट. ९ वॅटचा म्हणजे १.३५ युनिट. उर्जानगरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आपल्या दाराशी उभं आहे, त्याची राख आणि धूर आपण सोसतो. निदान ती वीज सिलिंग भाजण्यात घालवू नये.

आजीच्या दिव्याचं काय झालं?

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाकलेलं पॅनल काढलं, थर्माकोल डब्यापासून हातभर मागे कापला, वायरमनला पुन्हा बोलावून कडक झालेली वायर बदलली. चारही फिटिंगमध्ये ९ वॅटचे साधे एलईडी लावले.

पण आजी म्हणाली, ‘‘मले अजूनबी दिसून नाही रायलं बापू.’’ तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला पोथी वाचायला भरपूर उजेड लागतो. आणि खोल डब्यातल्या बल्बचा बाजूला जाणारा उजेड डब्यातच मरतो, कितीही मोठा बल्ब लावा. मामेभावानं १०० चा बल्ब लावला तो याच अडचणीमुळे. त्याची चूक बल्ब निवडण्यात होती, आजीची गरज ओळखण्यात नव्हती.

मग आम्ही सिलिंगचा नाद सोडला. पलंगाशेजारच्या भिंतीवर २० वॅटची एलईडी पट्टी ठोकली. साधी, उघडी, चारही बाजूंनी हवा खेळणारी. सुमारे २,००० ल्युमेन, थेट पोथीवर. तिला ना वाय-फाय आहे ना ॲप. बटण आजीच्या हाताला येईल इतक्या खाली घेतलंय.

बटण दाबून आजीनं पोथी उघडली आणि मला म्हणाली, ‘‘हे आधीच काहून नाही केलं?’’